बरीच वर्षं उभी असलेली जुनी एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश बनावटीची छोटी उघडी स्पोर्ट्स कार) घरीच नव्यासारखी करायची आहे. सुरुवात इंजिनापासून करू का? किती वेळ लागेल?

इंजिनापासून अजिबात नको. आणि प्रश्नाच्या खाली तुम्ही जे लिहिलंय, की "आधी गाडी पूर्ण खोलून सुटी करतो, मग एकेक भाग नवा करून बसवत जातो", ते तर त्याहून नको. नेमक्या याच मुद्द्यावरून माझं आणि दाजींचं (थोरल्या ताईचे यजमान) कित्येक वर्षं वाजत आलंय, म्हणून लिहायला बसलो.

दाजी इंजिनिअर आहेत, हात चांगला आहे, वाचनही दांडगं. त्यांचं म्हणणं ठाम: काम करायचं तर शेवटच्या नटापर्यंत सगळं सोडवायचं, नुसती बॉडी उरली पाहिजे, नाहीतर ते रिस्टोरेशनच नव्हे. त्यांनी माझ्या आधी त्यांची गाडी अशी सोडवली. ती आजही खोक्यांमध्ये आहे. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी आहे, पण अक्षरं पुसट झालीत, आणि बिजागरीखाली कोणती पत्र्याची शिम (फट भरायची पातळ चकती) कुठल्या बाजूला होती हे चिठ्ठी सांगत नाही. ते गाडी बघितल्यावरच कळतं, आणि बघायला गाडीच उरलेली नाही. वर्कशॉपला हे परवडतं. तिथे जागा असते, माणसं असतात, आणि सोडवणाराच आठवड्याभरात बसवतो. आपल्याकडे सुट्टीचा दिवस असतो आणि त्यातही निम्मा जातो. हौशी माणसाची गाडी शेवटपर्यंत चाकांवर राहिली पाहिजे, ढकलली तर हलली पाहिजे. एक भाग काढा, दुरुस्त करा, बसवा, मग पुढचा.

मग सुरुवात कुठून? पत्र्यापासून, आणि त्यातही दाराखालून.

एमजीबीला वेगळी चेसी नाही, बॉडी हीच चेसी. तुमची रोडस्टर आहे, म्हणजे वर छतही नाही. पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवतात ते मधला बोगदा (दोन सीटांमधला लांब उंचवटा), फ्लोअर आणि दोन्ही दारांखालून जाणारे सिल. हा सिल म्हणजे एक पत्रा नव्हे, तीन पत्र्यांची पोकळ पेटी आहे: बाहेरचा दिसणारा, खालचा कंगोऱ्यांचा आणि आतला उभा पडदा. पाणी आत शिरतं, माती साचते आणि पेटी आतून कुजते. बाहेरून रंग चकचकीत असतो.

माझ्या गाडीचं तेच होतं. विकणाऱ्याने "सिल नवे टाकलेत" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. मी चुंबक लावला तर दाराच्या पुढच्या कोपऱ्याखाली तो धरेना, म्हणजे पुट्टी. ग्राइंडरने रंग उतरवला तर जुन्या सिलवरच नवा पत्रा चढवून कडा झाळलेल्या. तो पत्रा कापल्यावर आतून तपकिरी चुरा ओंजळीने निघाला, आणि आतल्या पडद्यात स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. मग जॅक लावण्याच्या जागी जॅक लावून थोडा उचलला आणि दाराकडे बघत राहिलो. दाराच्या मागच्या कडेची फट डोळ्यांदेखत बदलत गेली. गाडी मधून वाकत होती. ही परीक्षा तुम्ही आजच करा, दुसरं काही करण्याआधी.

दाजी बघायला आले आणि म्हणाले, "हे घरी होणारं काम नाही. जिग (बॉडी जागच्या जागी धरून ठेवणारा सांगाडा) लागतो. तू सिल कापलास की बॉडी बसणार, आणि दार जन्मात लागणार नाही."

भीती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा. बॉडी बसते ती तिला मोकळी सोडली तर. मी बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत आतल्या बाजूने चौकोनी नळ्या झाळल्या, दार उघडता-मिटता येईल अशा बेताने. गाडी घोड्यांवर (गाडी उचलून धरणाऱ्या स्टँडवर) घेतली, पण घोड्या पुढच्या सस्पेन्शनखाली आणि मागच्या ॲक्सलखाली, म्हणजे वजन रोज जिथे येतं तिथेच येईल. कापण्याआधी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहिले. मग एकच बाजू. दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही, पहिली पूर्ण होईपर्यंत.

दार मी काढलंच नाही. तेच माझं मोजमाप होतं. पत्रा क्लॅम्पने धरायचा, दार लावून फट बघायची, इथे एक टॅक (वेल्डचा छोटा ठिपका), तिथे एक टॅक, थंड होऊ द्यायचं, पुन्हा दार. सलग वेल्ड ओढला की पत्रा तापून खेचला जातो, म्हणून घाई नाही. जिथे कारखान्यात स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती मिगने (तारेच्या वेल्डिंग मशीनने) भरली, म्हणजे प्लग वेल्ड केले. बाहेरचा सिल पुढच्या मडगार्डच्या आत शिरतो. ते मडगार्ड बोल्टवर असतं, तेव्हा सरळ काढा. मागचं झाळलेलं असतं, तिथे खालची पट्टी कापूनच आत जावं लागतं. हे टाळण्यासाठीच लोक वरून पत्रा मारतात आणि "नवे सिल" म्हणून गाडी विकतात. याला मी फसवणूक म्हणतो.

नळ्या कापल्या तेव्हा दाजी समोर उभे होते. दार एका बोटाने ढकललं, लागलं. कर्ण होते तेवढेच. दाजींनी स्वतः दोन्ही दारं उघडून-लावून बघितली, आणि तरी म्हणाले, "बॉडी सुटी केली असतीस तर आणखी नीट झालं असतं." झालं असतं की आणखी एक गाडी खोक्यांत गेली असती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता इंजिन. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन साधं आणि मजबूत आहे, उगाच खोलू नका. इतकी वर्षं उभी आहे म्हणता, तर प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, मुरू द्या आणि हाताने फिरवा. स्टार्टर नको. मग कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा. चारही सिलिंडर जवळपास सारखे आले तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) बंदच राहू द्या. एखादा बराच कमी आला तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा: आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. टाकी मात्र काढून बघाच. डिकीच्या तळाशी टेकलेल्या तिच्या वरच्या बाजूवर ओल धरते आणि ती तिथून कुजते.

गाडी १९६७ च्या आधीची असेल तर बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. नंतर कुणी बदललंय का हे तपासल्याशिवाय अल्टरनेटर किंवा रेडिओ जोडू नका.

किती वेळ, याला माझ्याकडे एक आकडा नाही. सिलवर अवलंबून आहे. पण गाडी तुम्ही चांगली निवडलीय. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर एमजीबी बनल्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात. १९८८ पासून तर मूळ साच्यांवर अख्खी नवी बॉडीसुद्धा बनू लागली. बॉडी फारच गेली असेल तर तो मार्ग आहे, आणि तिथे दाजींसारखं सगळं सोडवावं लागेल, हे मान्य.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडा. पत्रा पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका, वेल्डिंगच्या आर्कमध्ये त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी घरी झाळायची नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ फुंकू नका. सिल झाल्यावर आतल्या पोकळीत मेण फवारा, नाहीतर सगळं पुन्हा करायची वेळ येईल.

आणि इंजिन चालू होण्याआधी ब्रेक. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगून बंद झालेल्या असतात, त्या न बघताच बदला. "हौशी माणसाने ब्रेकला हात लावू नये" असं दाजी म्हणतात. हात लावा, काम स्वतःच करा. मात्र पहिल्यांदा रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक आणि तुमचे वेल्ड जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. माझे दाजींनीच तपासले होते.