पोराला सोबत आणू का, या प्रश्नाला उत्तर

गड्या, तू विचारलंस, स्मार्ट कापडाच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या कापडाच्या मास्टर्ससाठी इकडं जर्मनीत आखेनला येऊ का आणि तिसरीतल्या पोराला सोबत आणू का. व्हिसा, बँकेतले पैसे सगळं दूतावासाच्या पानावर आहे, ते सांगत बसत नाही.

मीही विट्याचा. आजोबा केरळात गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, काका यंत्रमागावर. नायलॉनवर चांदीचा मुलामा चढवला की त्यातून वीज वाहते हे ऐकलं आणि वाटलं, चांदीही घरची, मागही घरचा, आपल्याला काय अवघड? विणणं सोपंच निघालं. डोकेदुखी टिचबटणाची! छातीच्या पट्ट्यावर ईसीजी घ्यायचा तर मऊ धागा कुठंतरी कडक तारेला जोडावाच लागतो. डाग द्यावा, म्हणजे सोल्डर करावं, तर नायलॉन २२० ते २६० अंशांतच वितळतं. म्हणून टिचबटण ठोकायचं, आणि धागा तुटतो नेमका त्याच्या कडेला. दोन वर्षं मी पट्टे धुतले, वाळवले, मीटरचे चिमटे लावून ओहम, म्हणजे वीज किती अडते ते लिहिलं. धुण्यागणिक आकडा चढतो. घासून मुलामा तडकतो, घामानं चांदी आजीच्या जोडव्यांसारखी काळी पडते. स्टीलचा धागा टिकतो, पण अंगाला टोचतो.

कागदांचं एकच सांगतो. पासपोर्टात पोराच्या नावाला बापाचं नाव चिकटतं आणि इथं ते पोराचंच नाव धरतात. लेकीला दवाखान्यात पुकारलं की अजून मीच उठतो.

आता शाळा. इथं प्राथमिक चौथीलाच संपते. पुढं गिम्नाझियम (थेट विद्यापीठाकडं नेणारी शाळा) की रेआलशूले (दहावीपर्यंतची, मधली शाळा), याची शिफारस शाळा देते. लेकीला येऊन दीड वर्ष झालेलं. गणितात पुढं, जर्मनमध्ये अडखळायची. शिफारस आली रेआलशूलेची. बाई गोड बोलल्या, मी मान डोलावली, फॉर्म भरला. या राज्यात ती शिफारस पालकांना बंधनकारक नसते, हे मला दोन वर्षांनी शेजारच्या तुर्की बाईनं सांगितलं. विट्यात असतो तर हेडमास्तरांच्या टेबलावर हात आपटला असता. इथं मी पाहुण्यासारखा बसलो, तेही स्वतःच्या लेकीच्या बाबतीत. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, तेच जास्त लागतं.

एकटेपणाचं म्हणशील तर होते सवय. भडंग आण.

पोराला आण, पण जर्मन आजपासून सुरू कर, त्याचं आधी, तुझं नंतर. आणि शिफारस हातात पडली की फॉर्म भरायच्या आधी मला फोन कर, रात्रीचे कितीही वाजू देत.