धर्मादायाचा पैसा कोणाचा?

प्रश्न : ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचे किराणा मालाचे जुने दुकान आहे. आमच्या व्यापारी संघाच्या स्मरणिकेसाठी ‘संघाची समाजसेवा’ या विषयावर लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आजोबांच्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, ‘धर्मादाय खाते जमा’ अशा नोंदी जागोजागी आढळतात. ही रक्कम आमच्या वडीलधाऱ्यांचे दान म्हणून लिहावी का?

उत्तर : तसे लिहू नये, कारण त्या नोंदीतील पैसा तुमच्या आजोबांचा नव्हता. गोणीमागे किंवा बिलामागे ठरावीक धर्मादाय आकारण्याची रीत आपल्याकडील बाजारपेठांत फार जुनी आहे. मालाची किंमत, हमाली, तोलाई यांच्या खाली धर्मादायाची ओळ येई आणि ती रक्कम गिऱ्हाईक देई. दुकानदाराने ती वेगळ्या खात्यात जमा करून पाणपोई, पांजरपोळ (भाकड व म्हाताऱ्या जनावरांचा आश्रय), धर्मशाळा किंवा अन्नदान अशा कामांसाठी खर्च करायची असे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 (‘मुंबई’ऐवजी आता ‘महाराष्ट्र’ असे नाव आहे) याच्या कलम 54 मध्ये या रूढीला स्पष्ट स्थान मिळाले. धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम घेणाऱ्याकडे विश्वस्त या नात्याने राहते आणि तिचा हिशेब, हिशेबाचे वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत, धर्मादाय कार्यालयाकडे द्यावा लागतो, असे ते कलम सांगते.

म्हणून तुमच्या लेखात श्रेयाची वाटणी नीट व्हावी, असे मला मनापासून वाटते. पैसा ठाण्यातल्या गिऱ्हाइकांचा होता, त्यांत शेर-पावशेर धान्य नेणारी माणसेही होती. आजोबांचे आणि त्यांच्या संघाचे श्रेय असे, की त्यांनी तो पैसा धंद्यात फिरवला नाही, वेगळा ठेवला आणि ठरल्या कामाला लावला. हे श्रेय लहान नाही, पण ते सिद्ध करायचे तर नुसती जमेची बाजू पुरणार नाही. रोजमेळाच्या डाव्या पानावर जमा असते, तशी उजव्या पानावर ‘नावे’, म्हणजे खर्चाची बाजू असते. धर्मादाय खाते कशापोटी नावे पडले, ते ओळीओळीने उतरवून घ्या.

माझ्या आजोळच्या दुकानाच्या चोपड्या मी अशाच वाचल्या आहेत. चैत्रापासून पहिल्या पावसापर्यंत दुकानासमोर दोन रांजण असत, त्यांना ओले गोणपाट गुंडाळलेले असे आणि झाकणावर पितळी ओगराळे ठेवलेले असे. घरात ‘आमची पाणपोई’ असाच तिचा उल्लेख होई. चोपडीत मात्र त्या तीन महिन्यांत दर आठवड्याला ‘पाणी भरणाऱ्या बाईस मजुरी’ अशी धर्मादाय खात्यावर नोंद सापडली. विहिरीवरून घागरी आणणाऱ्या त्या बाईचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, याची मला आजही खंत वाटते. तुमच्या चोपडीत असे एखादे नाव सापडले, तर ते अध्यक्षांच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावे.

वाचताना तीन अडचणी येतील. नोंदी मोडी लिपीत असतील, तर जाणकाराची मदत घ्यावी. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 रोजी आली, त्यापूर्वीच्या नोंदी रुपये-आणे-पैंत असतील. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, हे विसरले तर बेरजा चुकतील. वर्ष शक असेल तर इसवी सन काढण्यासाठी त्यात 78 मिळवावे, शक वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत 79. गुजराती पद्धतीचा विक्रम संवत असेल तर 57 वजा करावे, जानेवारीपासून दिवाळीपर्यंत 56. संघ नोंदणीकृत असेल, तर घटना, विश्वस्तांतील बदल आणि वार्षिक हिशेब यांची कागदपत्रे धर्मादाय कार्यालयातील फाइलीत मिळू शकतात. संघाची इतिवृत्ताची वही आणि ही फाइल शेजारी ठेवून वाचली, म्हणजे कोणता ठराव अमलात आला आणि कोणता कागदावरच राहिला ते कळते.

प्रश्न : माझे वडील मुंबईच्या दाणाबंदर या धान्यबाजारात आणि पुढे बाजार वाशीला आल्यावर तिथे माथाडी होते. व्यापाऱ्यांच्या एका कार्यक्रमात माथाडींचा भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना ही व्यापाऱ्यांची समाजसेवा असल्याचे सांगण्यात आले. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही. अण्णासाहेब पाटील यांनी पाठीवर ओझी वाहणाऱ्यांची संघटना बांधली, लढे दिले आणि त्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला. त्या कायद्याखालील मंडळात मालक आणि कामगार या दोघांची नोंदणी होते, मालक मजुरीवर ठरलेली लेव्ही, म्हणजे जादा आकार, भरतो आणि तिच्यातून निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), रजा, औषधोपचार हे लाभ मिळतात. तुमच्या वडिलांनी तो हक्क कष्टाने कमावलेला होता. मुंबईतील धान्य व्यापाऱ्यांची ‘ग्रोमा’ ही संघटना 1899 पासूनची आहे. इतक्या जुन्या परंपरेच्या बाजाराने कायद्याने द्यावे लागते ते आणि आपण होऊन दिले ते, या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या, तर दुसऱ्या गोष्टीचे मोल वाढेलच. आपले म्हणणे त्या मंडळींना लेखी कळवावे, ते रागावण्यासारखे नाही.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझा लहान कारखाना आहे. आमच्या उद्योजक संघटनेने शाळेला दिलेली मदत दोन टक्क्यांच्या कायद्याखाली मोडते का?

उत्तर : बहुधा नाही. नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगणारे कंपनी कायदा, 2013 चे कलम 135 कंपन्यांना लागू होते, तेही निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये यांपैकी एक मर्यादा गाठलेल्या कंपन्यांना. भागीदारीतील किंवा एकट्याच्या मालकीच्या कारखान्याला ते लागू नाही. म्हणजे तुमच्या सभासदांनी दिलेली वर्गणी स्वखुशीची आहे आणि संघटनेच्या इतिहासात ती तशीच लिहिता येईल. कोणत्या सभेत ठरले, किती रक्कम जमली आणि शाळेने तिचे काय केले, एवढे त्याच वर्षी इतिवृत्तात नोंदवून ठेवावे आणि शाळेची पावती त्याच पानाला चिकटवावी.