आमच्या चौकात एक मनोरुग्ण महिनाभर फिरतोय, घर-दार नाही. सोसायटीने काय करावं?

पोलिसांना कळवा, आणि ते 'हे आमचं काम नाही' म्हणाले तर ऐकून घेऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००: असा बेवारस फिरणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस आढळला तर त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. कोठडीत ठेवता येत नाही. शिवाय हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोधही त्यांनीच घ्यायचा असतो. तक्रार तोंडी नको, लेखी द्या, पोच घ्या.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. रायगड जिल्ह्यातल्या कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशा लोकांवर उपचार करून त्यांना थेट गावी, घरी पोचवते. त्यासाठी डॉ. वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाई असेल तर नगरच्या (आताचं अहिल्यानगर) 'माऊली' या बेघर मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळणाऱ्या संस्थेत विचारा. जागा आहे का, हे आधी फोन करून पाहा.

तोवर रोज एकाच माणसाने, एकाच वेळी जेवण द्यावं. विश्वास बसला की नाव, गावाचं नाव, शाळेचं नाव काहीतरी बोलतात, आणि घर शोधायला तेच लागतं. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांना मात्र आवरा. आणि मारहाण, दगडफेक दिसली तर ११२.