ए, एबी की डी? ही अक्षरं म्हणजे दर्जा नव्हे

तुमच्याकडे १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर, ८ ओहमचे दोन स्पीकर, त्यांच्यासाठी अँप्लिफायर हवा आहे, आणि दुकानदार म्हणतो, ‘क्लास ए घ्या, डी सगळ्यांत खालचा.’ त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक सरकारी नोकरीतले वर्ग एक, वर्ग दोन असावेत! अँप्लिफायरमध्ये स्पीकरला करंट पुरवणारे आउटपुटचे ट्रान्झिस्टर कसे आणि किती वेळ चालू राहतात, एवढंच ही अक्षरं सांगतात. डी म्हणजे डिजिटलही नव्हे.

क्लास ए मध्ये ट्रान्झिस्टर कधीच बंद होत नाही. गाणं थांबलं तरी करंट वाहतोच. साध्या मांडणीत कार्यक्षमता फार तर २५ टक्के. चॅनलमागे (म्हणजे प्रत्येक स्पीकरमागे) १० वॅट हवे असतील तर ४० वॅट खर्च, दोन्ही मिळून ८०. तुमचा अडॅप्टर ६० चा.

क्लास बी मध्ये दोन ट्रान्झिस्टर लाटेचा अर्धा-अर्धा भाग वाटून घेतात. पण चालू व्हायला प्रत्येकाला साधारण ०.६ व्होल्ट लागतात, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना लाटेत खाच पडते. हळू आवाजात तानपुरा लावा, लगेच खरखर कळेल. एबी मध्ये दोघांना थोडं बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही कायमचा छोटा व्होल्टेज, देऊन किंचित जागं ठेवतात. मात्र ट्रान्झिस्टर तापला की तेवढ्याच बायसला करंट वाढतो, मग तो आणखी तापतो. म्हणून बायस सांभाळणारा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकलाच (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटवायचा असतो. मी तो बोर्डावर मोकळा ठेवला होता. २एन३०५५ आणि एमजे२९५५ या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी दहा मिनिटांत गेली. वासावरूनच कळलं.

क्लास डी मध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. सेकंदाला लाखो वेळा ही उघडझाप होते, पल्सची रुंदी आवाजाप्रमाणे बदलते आणि शेवटची कॉइल व कपॅसिटर त्यातून गाणं वेगळं काढतात. अर्धवट उघड्या नळासारखी मधली अवस्था नसल्यामुळे उष्णता कमी, कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास.

तुम्ही टीपीए३११६ या क्लास डी आयसीचा (चिपचा) बोर्ड घ्या. १२ व्होल्टवर टीडीए२०३० सारखी एकेरी (स्पीकरच्या एकाच तारेवर सिग्नल देणारी) एबी आयसी ८ ओहमला कागदावरसुद्धा २.२५ वॅटच्या पुढे जात नाही. टीपीए३११६ ब्रिजमध्ये चालते, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारांना एकमेकांच्या उलट सिग्नल देते; तिथे हीच मर्यादा ९ वॅट. खोक्यावर छापलेले शेकडो वॅट विसरा.

एकच काळजी घ्या: ब्रिजमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो. दोन्ही स्पीकरची मायनस एकत्र करून ग्राउंडला जोडू नका.