आंब्याच्या सालींपासून घरी लेदरसारखं मटेरियल बनवून त्याची पर्स शिवता येईल का? वरून पीयू (पॉलियुरेथेन) कोट मारला तर चालेल का?

शीट घरी बनते, पर्सही शिवता येते, पण ती रोज खांद्याला लावून लोकलने फिरण्याइतकी टिकणार नाही. आणि पीयूचं विचारलंत म्हणून मुद्दाम लिहायला बसले, कारण त्यावरून आमच्या घरात एक माणूस माझ्याशी अजून धड बोलत नाही.

आम्ही रत्नागिरीकडचे. कॅनिंगचा सीझन सुरू झाला की साली-बाठ्यांचे ढीग किती पडतात ते इकडच्यांना सांगायला नको. माझा चुलतभाऊ मुंबईला डिझाईन शिकला, तो एका मे महिन्यात नेटवरची रेसिपी घेऊन आला. सालींची पेस्ट ट्रेमध्ये बोटभर जाड ओतली आणि दिली उन्हात ठेवून. वरून पापडी धरली, आत तसंच ओलं, दोन दिवसांत आंबूस वास आणि मधोमध भेग. तिकडे शेजारीच आत्या साठं, म्हणजे आंबापोळी, घालत होती, ती इतकी वर्षं हेच करत आलीय. तिने बघितलं आणि म्हणाली, "अरे पातळ ओत, वाळू दे, मग वर दुसरा हात दे. घाई केलीस तर आतून कुजणारच." मग तिनेच तुपाचं बोट फिरवलेल्या ताटात पातळ थर दिला, तो हाताला चिकटेनासा झाल्यावर त्यावर जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा ताणून बसवला आणि वरून परत पेस्ट. कापडाची आयडिया पूर्णपणे तिची. शीट वाळल्यावर सुरीच्या टोकाने कड उचलली आणि सबंध ताटाएवढा तुकडा एका ओढीत सुटला, उजेडासमोर धरला की आतली मलमलची वीण दिसायची, आणि दुमडला तरी चीर नाही. कापडाशिवायचा तुकडा शिवताना सुईच्या भोकांच्या रेषेतच फाटतो, हे ज्याने शिवून बघितलंय त्याला माहीत आहे.

पुढे भावाने त्यावर डब्यातला पीयू मारला आणि पुण्याच्या एका प्रदर्शनात '100 टक्के आंबा, प्लास्टिक-फ्री' अशी पाटी लावून पर्सेस मांडल्या. आत्याचं नाव कुठेच नाही. पीयू म्हणजे प्लास्टिकच, मग प्लास्टिक-फ्री कसं, असं मी तिथेच विचारलं, तर म्हणे गिऱ्हाईकाला कुठे कळतंय, मोठे ब्रँडसुद्धा हेच करतात. मी माझ्या हातचे तुकडे टेबलावरून उचलले आणि निघून आले. मला आजही वाटतं की बरोबर केलं.

मोठ्यांचं म्हणाल तर त्याचं ते वाक्य खोटं नाही. पिनाटेक्स हे चामड्याला पर्याय म्हणून विकलं जाणारं मटेरियल अननसाच्या पानांच्या धाग्यापासून होतं, पण त्यातही पीएलए (वनस्पतींपासून केलेलं प्लास्टिक) आणि वरून रेझिनचा कोट असतो. जर्मनीत फ्रायबर्गच्या फिल्क संस्थेने 2021 साली असे पर्याय आणि खरं चामडं शेजारी ठेवून तपासले, तर चामड्याचे सगळे गुण एकातही नव्हते. पण ते कोट मारतात म्हणून आपण मारून वर 'शुद्ध फळ' म्हणायचं? केरळात 'मलाई' नावाच्या कंपनीवाले नारळपाण्यावर बॅक्टेरिया वाढवून सेल्युलोजची शीट करतात, ते वेगळ्या वाटेने जातातच ना.

आता तुमचं काम. साली आधी नीट धुवा, चिकटलेला रस जाऊ द्या, कारण साखर राहिली की शीट दमट हवेत चिकट होते आणि मुंग्या लागतात. मऊ शिजवून मिक्सरला लावा आणि गाळून घ्या. सालीत पेक्टिन भरपूर असतं, वेगळं घालायची गरज नाही. अर्धा किलो पेस्टला दोन टेबलस्पून ग्लिसरीन, एक टेबलस्पून व्हिनेगर, बुरशीसाठी लवंगतेलाचे काही थेंब, आणि चमच्याने रेघ ओढली की ती टिकेल इतकं आटवा. ग्लिसरीन कमी पडलं तर शीट कडक होऊन तडकते, जास्त झालं तर हवेतलं पाणी ओढून घेते आणि कायम ओलसर लागते, म्हणून पहिला तुकडा छोटाच करा. थर पातळ, मध्ये मलमल. कडक ऊन नसेल तर 50 डिग्रीच्या आसपास डिहायड्रेटर. शेवटी मधमाशीचं मेण आणि जवसाचं तेल गरम करून कापडाने चोळा. पाण्याचा शिंतोडा झेलेल, पावसात भिजलं तर मऊ पडणार.

माझं मत विचाराल तर पर्सपेक्षा वहीचं कव्हर, चष्म्याचं पाऊच, दागिन्यांची डबी मढवायला वापरा. पीयू मारायचाच असेल तर मारा, तुमची वस्तू आहे, पण विकताना लेबलवर तसं लिहा, आणि कृती कुणाकडून शिकलात तेही लिहा.

हे आधी सांगायला हवं होतं, देठाजवळच्या सालीला चीक असतो, तो हाताला उततो. ज्यांना त्रास होतो त्यांनी ग्लोव्हज घाला आणि तयार वस्तू थेट अंगाला लागेल अशी करू नका. जून लागला की नवीन शीट घालायच्या भानगडीत पडू नका, कोकणात तरी वाळत नाही.