फलालीन, म्हणजे वेल्श परकराचं कापड

एका वाचकाचा प्रश्न आहे. अर्जेंटिनाच्या पॅटागोनियातल्या गायमान गावाच्या छायाचित्राखाली ‘पारंपरिक वेषातील इंग्रज मुली’ असं छापलं होतं. इथे ‘वेष’ बरोबर की ‘वेश’? फोटोत उंच काळ्या टोप्या, खांद्यावर शाली आणि पट्ट्यापट्ट्यांचे लाल परकर आहेत.

वेश आणि वेष दोन्ही चालतात. संस्कृतात दोन्ही सापडतात, मराठीत ‘गणवेश’ रुळला म्हणून मी श लिहितो. यात वाद घालण्यासारखं काही नाही. चूक आहे ती ‘इंग्रज’ या शब्दात, आणि ती ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. १८६५ साली ‘मिमोसा’ जहाजातून सुमारे दीडशे वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सची, माणसं लिव्हरपूलहून निघाली आणि चुबुत नदीच्या खोऱ्यात, जिथे हे गायमान आहे, जाऊन वसली. इंग्रजीच्या रेट्याखाली आपली भाषा जाऊ नये, म्हणून घरदार सोडून गेलेले हे लोक. त्यांच्या पणत्या-खापरपणत्यांना इंग्रज म्हणायचं? मुळात ‘वेल्श’ हे नावसुद्धा इंग्रजांनी दिलेलं, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘परका’. ते स्वतःला ‘कम्री’ म्हणतात, म्हणजे एका मुलखाचे, आपण ‘गाववाले’ म्हणतो तसं.

आता त्या परकराकडे या. तो फ्लॅनेलचा असतो, आणि फ्लॅनेल म्हणजे आपलं फलालीन. माझी आजी थंडी सुरू झाली की ट्रंकेतून फलालीनचं दुपटं काढायची. एका बाजूने लव उठलेली, दुसरी बाजू धुऊन धुऊन गुळगुळीत झालेली. फ्लॅनेलचं फलालीन झालं ते न आणि ल यांनी जागा बदलल्यामुळे. लखनौचं नखलौ होतं, तसंच.

फ्लॅनेल कुठून आला? वेल्शमध्ये लोकरीला ‘ग्व्लान’ म्हणतात आणि लोकरी कापडाला ‘ग्व्लानेन’. फ्लॅनेल त्यातूनच आला, असं माझं ठाम मत आहे. बरेच कोशकार इथे ‘कदाचित’ लिहून मोकळे होतात, आणि काही जण जुन्या फ्रेंचमधला ‘फ्लेन’ पुढे करतात. मला ते अजिबात पटत नाही. खुद्द फ्रेंचांनी आपला ‘फ्लानेल’ इंग्रजीकडून उचलला आहे. शिवाय इंग्रजीत या कापडाचं ‘फ्लॅनेन’ असं रूप सापडतं, शेवटी न असलेलं, थेट ग्व्लानेनसारखं. ‘ग्व’चा ‘फ’ कसा होईल, असं विचारतात. वेल्शमध्ये शब्दाच्या आरंभीचा ग वाक्यातल्या जागेप्रमाणे गळून पडतो, की उरतं ‘व्लानेन’. आता हा ‘व्ल’ इंग्रजी जिभेला कसा जमावा? वेल्श ‘ल्लॉइड’चं त्यांनी ‘फ्लॉइड’ केलं ना? जोडाक्षर वेगळं असलं, तरी जिभेची खोड तीच. एवढं समोर असताना ‘कदाचित’ला चिकटून बसणं हा निव्वळ भित्रेपणा आहे.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ग्व्लान, लॅटिन ‘लाना’, इंग्रजी ‘वूल’ आणि आपली संस्कृत ‘ऊर्णा’ ही सगळी एकाच मुळाची भावंडं. कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात, त्यातली ऊर्णा. मराठीने रोजच्या वापरात ऊर्णा टाकून लोकर धरली, आणि ऊर्णेचं हे भावंड वेल्समधून इंग्रजीच्या बोटाला धरून फलालीन होऊन आजीच्या ट्रंकेत येऊन बसलं! शालीचीही तीच कथा. वेल्शमधला ‘शॉल’ हा मूळ फारसीतला ‘शाल’, आणि एकोणिसाव्या शतकात वेल्समध्ये लोकप्रिय झालेल्या शालींवरची कोयरी काश्मीरहून गेलेली. टोपीही पाहा. रेशमी लव असलेल्या त्या टोपीला आतून ताठ ठेवतं ते बकरम, आपले शिंपी कॉलरीत घालतात तेच.

हा वेश एका बाईने बसून ‘बनवला’, असंही सांगतात. ती बाई म्हणजे लेडी ल्लॅनोव्हर. १८३४ च्या कार्डिफच्या आयस्टेदवोदमध्ये, म्हणजे काव्य-गायनाच्या मेळ्यात, वेल्श भाषा आणि पेहराव जपण्यावरच्या निबंधाला तिला बक्षीस मिळालं. तिने त्याचा ध्यास घेतला, प्रचार केला, हे खरं. पण खेड्यातल्या बायका फलालीनचे परकर आणि झगे आधीपासून घालत होत्या. सगळं श्रेय एका श्रीमंत घरातल्या बाईला देऊन टाकलं, की विणणाऱ्यांचे आणि नेसणाऱ्यांचे हात दिसेनासे होतात.

चुबुतच्या आयस्टेदवोदमध्ये तर वेल्ससारखे पायघोळ झगे न घालता गोर्सेद या कविमंडळाचे सदस्य पोंचो घालतात, तिथल्या मातीतलं वस्त्र. तोही मला तितकाच वेल्श वाटतो, कारण तो घालून ते उभे राहतात ते वेल्श कवितेसाठी.

तुमची ओळ अशी करा: ‘गायमानच्या वेल्श वंशाच्या मुली, फलालीनच्या परकरात.’ वेश लिहायची गरजच उरत नाही.