व्हिस्कीच्या बॅरलमध्ये मुरवलेली काळी स्टाउट बिअर चवीला कशी लागते? व्हिस्कीसारखी लागते का आणि एवढे पैसे मोजावेत का?

पैशांचं आधी सांगतो. एकट्यासाठी नको, दोघांत एक बाटली असेल तर जरूर.

मी चाखली ती स्कॉटलंडच्या हार्वीस्टन ब्रुअरीची ‘ओला डू’. काटेकोर बोलायचं तर ती पोर्टरकडे झुकणारी, पण पोर्टर आणि स्टाउट या दोन्ही भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअर, सख्खी भावंडं, त्यावरून वाद नको. आतेभावाने एडिनबरोहून आणली होती. परदेशातून येताना माणशी दोन लिटर दारू ड्युटीशिवाय आणता येते आणि त्या दोन लिटरांत बिअरला जागा देणारा माणूस विरळाच. सगळे सिंगल माल्टच कोंबतात.

माहीमच्या घरी, मे महिन्यात, फ्रीजमधून काढून लगेच ओतली. रंग काळा म्हणजे काळाच, ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला तरी पलीकडचं काही दिसेना. फेस तपकिरी, बोटभर आला आणि बघता बघता बसला. पहिला घोट अगदी साधा: करपलेल्या कॉफीचा कडूपणा, बाकी काही नाही. आतेभाऊ म्हणाला, “थांब जरा, घाई कसली?” आपल्याकडे बिअर म्हणजे ‘एकदम चिल्ड’ हवी, पण इतक्या गारव्यात वास सुटतच नाही आणि या बिअरचा सगळा खेळ वासाचा आहे. ग्लासला बाहेरून घाम फुटला, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं गेली, मग ती बोलायला लागली. आधी काकवी, मग मनुका, व्हॅनिला आणि घोट गिळून झाल्यावर मागे राहणारा बारीकसा धूर. बारा-चौदा अंशांवर ती सर्वांत छान लागते. मुंबईच्या उकाड्याचा फायदा होतो अशी ही एकमेव बिअर असावी!

आता व्हिस्कीचं. बिअरमध्ये पेग ओतल्यासारखी ती लागत नाही. व्हिस्कीचं बॅरल ओकच्या लाकडाचं असतं, आतून शेकलेलं किंवा चक्क जाळलेलं. त्या उष्णतेने लाकडातल्या लिग्निन या घटकापासून व्हॅनिलिन हे सुगंधी द्रव्य होतं. व्हॅनिलाचा वास तिथून येतो. ओकमधल्याच लॅक्टोन नावाच्या द्रव्यांमुळे खोबऱ्याची झाक येते. शिवाय वर्षानुवर्षं लाकडात शोषलेली व्हिस्की बिअरमध्ये उतरते, ती वेगळीच. ओला डूची बॅरलं स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरच्या हायलंड पार्क या व्हिस्कीच्या डिस्टिलरीची. तिथे शेरी ही वाइन मुरवलेली ओकची पिंपं वापरतात आणि माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, थोडं पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवतात, म्हणून मनुका आणि धूर. अमेरिकेत मात्र बर्बन ही तिथली व्हिस्की नव्या, जाळलेल्या ओकमध्येच मुरवायची असा कायदा आहे. एकदा वापरलेलं बॅरल त्यांना बर्बनसाठी पुन्हा चालत नाही, ते मग स्कॉटलंडला जातं नाहीतर बिअरवाल्यांकडे. त्या बॅरलांतली स्टाउट जास्त गोड, व्हॅनिला-खोबऱ्याची लागते.

चढण्याचं म्हणाल तर ओला डू ८ टक्के, म्हणजे आपल्या स्ट्राँग बिअरांच्या आसपास. पण शिकागोच्या गूज आयलंडची ‘बर्बन काउंटी’ १३-१४ टक्क्यांच्या घरात जाते. ती वाइनसारखी प्यायची, पाइंटसारखी नाही.

चखणा हा नाजूक विषय. मसाला पापड, शेजवान काहीही, तिखट बोंबील फ्राय यातलं काही नको. तिखट आणि अल्कोहोल दोन्ही जिभेला जाळतात, एकत्र आले की बिअरची चव मरते. आम्ही आधी खारे शेंगदाणे घेतले, ठीक होते. नंतर आत्याने ओल्या नारळाच्या वड्या आणून ठेवल्या आणि “हे काय काळं पिताय रे?” म्हणून नाक मुरडून गेली, वडी मात्र अशी जुळली की डबा संपला. डार्क चॉकलेटही चांगलं जातं.

याआधी स्टाउट प्यायलाच नसाल तर थेट इथून सुरुवात करू नका. लोअर परळला किंवा अंधेरीला एखाद्या ब्रूपबमध्ये (जिथे बिअर तिथेच बनवतात) नळावर स्टाउट असेल तर आधी छोटा ग्लास मागवा. भाजलेल्या बार्लीचा तो कडूपणा आवडला तरच पुढे जा. नाही आवडला तर बॅरल त्याला वाचवू शकत नाही, उलट कडूपणावर लाकडाचा तुरटपणा चढतो.

आणि कोणाला आणायला सांगणार असाल तर एक ध्यानात ठेवा: ओला डूच्या बाटलीवर १२, १६, १८ असे आकडे असतात. ते बॅरलमध्ये आधी मुरलेल्या व्हिस्कीचं वय वर्षांत, बिअरचं नव्हे. माझं मत विचाराल तर आकडा वाढला की किंमतच जास्त वाढते. १२ ची मागवा.